ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, डिस्क-पॅड नवे टाकूनही परत तेच

दुसरा_गिअर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच विचारतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, टायर १८५/६५ आर १५, ६८ हजार किमी झालेत. प्रॉब्लेम असा की ८०-९० च्या पुढे असताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, म्हणजे माझे हात हललेले शेजारी बसलेल्याला दिसतात इतकं, आणि ६० च्या खाली आलं की हळूहळू विरून जातं. ब्रेक सोडला की त्याच क्षणी शांत. गर्दीत ३०-४० ने चालवताना तर वाटतसुद्धा नाही की गाडीत काही खोट आहे.

आता खरी गंमत पुढे. हेच दुखणं साधारण वर्षभरापूर्वी झालेलं, तेव्हा गॅरेजवाल्याने "डिस्क बेंड झाल्यात" म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवीन टाकले, पार्ट ओरिजिनल, माझ्यासमोर खोक्यातून काढलेत. गाडी एकदम मक्खन चालायला लागली. आणि ६-७ हजार किमी झाल्यावर हळूहळू परत तेच सुरू. आता तो म्हणतोय परत डिस्क टाकू, या वेळी दुसऱ्या कंपनीच्या. मला काही पटत नाहीये. डिस्क खरंच इतक्या लवकर वाकतात का? की मागच्या ड्रमचा काही घोळ असेल? घरी जॅक-पाने आहेत, हात काळे करायची तयारी आहे, फक्त सुरुवात कुठून करू ते सांगा.

बोनेट_उघडा

आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या भाऊ, ९० टक्के केसमध्ये तेच असतं. स्टेअरिंग थरथरतं म्हणजे पुढच्या चाकाला लावलेलं बॅलन्सिंगचं वजन पडलं असणार. सोबत अलाइनमेंट पण.

दुसरा_गिअर

@बोनेट_उघडा महिन्याभरापूर्वीच केलंय दोन्ही. ब्रेक न लावता ११० पर्यंत नेली तरी स्टेअरिंग हलत नाही, म्हणून तर इकडे विचारलं.

स्पॅनरकाका

बॅलन्सिंग नव्हे रे बाबा. बॅलन्स गेलेलं चाक ब्रेकची वाट बघत बसत नाही, ८०-१०० ला नुसतं सरळ चालवतानाच हलतं. जे फक्त ब्रेकवर येतं आणि ब्रेक सोडला की जातं ते ब्रेकमधून तरी येतंय नाहीतर ब्रेकचा जोर पडल्यावर जे लोंबकळतं त्यातून. दोन्ही वेळेला हलत असेल तर मात्र आधी टायरकडे बघायचं, कारण टायरचा गोंधळ असताना ब्रेकचं निदान करणं म्हणजे ढोल वाजत असताना घड्याळाची टिकटिक ऐकायची.

आता दुसरा_गिअर, तुला नीट सांगतो, गडबड करू नकोस.

पहिलं, कुठे जाणवतं ते बघ. स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुतेक वेळा पुढची चाकं, सीटखाली किंवा फ्लोअरला जाणवत असेल आणि स्टेअरिंग शांत असेल तर मागचे ड्रम. पॅडल पायाखाली वरखाली उसळत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही किंवा ड्रम ओव्हल झालाय. तू स्टेअरिंगचं लिहिलंस, पॅडलचं लिहिलं नाहीस, ते एकदा लक्ष देऊन बघ. बूट काढून बघ हवं तर, पातळ चप्पल घालून जास्त कळतं (अंगठ्याची नको, ती पॅडलखाली अडकते).

दुसरं, मागचे ड्रम वेगळे काढ. लोक हॅण्डब्रेकची टेस्ट सांगतात, म्हणजे रिकामा सरळ कोरडा रस्ता, मागे कोणी नाही, ४०-५० चा स्पीड, हॅण्डब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच धरायचं आणि लिव्हर हळूहळू ओढायचा, हादरे आले तर मागचं दुखणं. पण मागची चाकं जॅम झाली तर गाडी फिरते, आणि ज्या गाड्यांत बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हॅण्डब्रेक आहे त्यांनी तर हा उद्योग करूच नये. मी त्यापेक्षा घरच्या घरी करतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (दगड किंवा ठोकळा) लावायची, मागचं चाक उचलून खाली स्टॅण्ड द्यायचा, गाडी न्यूट्रलला, हॅण्डब्रेक एक-दोन दात वर, म्हणजे लायनर ड्रमला नुसते टेकतील इतपतच, आणि चाक हाताने सावकाश फिरवायचं. एका फेरीत सगळीकडे सारखं घासतंय तर ड्रम गोल आहे. दर फेरीला त्याच जागी अडतंय आणि पुढे मोकळं होतंय तर ड्रम ओव्हल. लांब उतार उतरून ड्रम तापलेले असताना कोणी हॅण्डब्रेक खच्चून ओढून गाडी लावली की पण होतं असं.

तिसरं आणि मुद्द्याचं. डिस्क वाकत नाहीत. म्हणजे कधीच नाही असं नाही, लालभडक तापलेल्या डिस्कवर डबक्यातलं पाणी उडालं वगैरे तर काहीही होऊ शकतं, पण रोजच्या वापरातली ओतीव लोखंडाची डिस्क पापडासारखी वाकडी होते हे गॅरेजमधलं बोलायचं काम आहे. होतं असं की डिस्क हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) सपाट बसलेलीच नसते. जुनी डिस्क काढली, हबवर गंजाचे पापुद्रे तसेच, त्यावर नवी डिस्क, वर चाक आणि एअर गनने नट टर्रर्र करून आवळले, झालं. डिस्क नवी आहे म्हणून पहिल्या दिवशी काही कळत नाही. पण ती फिरताना किंचित डुलत असते. ब्रेक लावलेला नसतानाही पॅड डिस्कपासून केसभर अंतरावरच असतात, मग डुलणारी डिस्क दर फेरीला ठरलेल्या जागीच पॅडला चाटून जाते. तुझ्या टायरचा घेर काढ, १.९५ मीटरच्या आसपास येईल, म्हणजे ६ हजार किमीत चाकाच्या ३० लाखांवर फेऱ्या झाल्या. ३० लाख वेळा त्याच जागी चाटलं की तिथे डिस्क पातळ होणारच. मग ब्रेक दाबलास की जाड जागा पॅडमध्ये आली की पकड वाढते, पातळ जागा आली की कमी होते, चाक धरल्यासारखं-सोडल्यासारखं होतं आणि ते टाय रॉडमधून (चाक स्टेअरिंगला जोडणारा दांडा) थेट तुझ्या हातात.

म्हणून तुझं ६-७ हजारवर परत आलं, यात डिस्कच्या कंपनीचा काही दोष नाही. हबच साफ केला नसेल तर तिसरा जोड टाकला तरी ६-७ हजारवर परत इथेच भेटू.

पॉइंट_झिरो_वन

स्पॅनरकाकांशी सहमत, फक्त आकडे जोडते, कारण "किंचित डुलते" म्हटलं की लोक डोळ्यांनी बघायला जातात आणि डोळ्यांना हे दिसत नाही.

डुलणं म्हणजे रनआउट. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बसवलेल्या डिस्कच्या कडेला याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते. जाडीतला फरक याहून नाजूक, ०.०१५-०.०२ मिमी झाला तरी स्टेअरिंगला जाणवू शकतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिमी असतो, म्हणजे केसाच्या चौथाई फरकावर गाडी हादरते.

आणि हबवरचा गंज मोठा होऊन दिसतो तो असा. हबचा चेहरा समजा १४० मिमी व्यासाचा आणि डिस्क २६० ची. हबच्या एका कडेला ०.०५ मिमीचा पापुद्रा अडकला तर डिस्कच्या कडेला तेच ०.०९ च्या पुढे जातं. एवढ्याशा पापुद्र्याने अख्खी मर्यादा खाल्ली.

मोजायला दोन गोष्टी लागतात, मॅग्नेटिक स्टॅण्डवरचा डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवतो) आणि जाडीसाठी मायक्रोमीटर. व्हर्निअरने जाडी मोजू नका, डिस्कच्या बाहेरच्या कडेला न घासलेली ओठासारखी कड राहते, व्हर्निअरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि रीडिंग जाड येतं. चाक काढल्यावर नट परत लावून डिस्क हबवर आवळायची, नट खालपर्यंत पोचत नसतील तर खाली वॉशर, नाहीतर डिस्क सैल राहून गेज काहीही दाखवतो. गेजचं टोक बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत ठेवायचं, डिस्क हाताने सावकाश एक फेरी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यातला फरक लिहायचा. मग मायक्रोमीटरने, कडेपासून तेवढ्याच अंतरावर, आठ ठिकाणी जाडी. खडूने १ ते ८ लिहून ठेवा.

अजून एक, डिस्क काढल्यावर नुसत्या हबच्या चेहऱ्यावर पण गेज लावा. हबच ०.०३ च्या वर डुलत असेल तर बेअरिंग-हब बघावं लागेल, कितीही नव्या डिस्क टाकल्या तरी उपयोग नाही.

तुमचं ८०-९० ला येतं आणि ६० ला जातं त्याचं कारणही सांगते. ९० ला तुमचं चाक सेकंदाला जवळजवळ १३ फेऱ्या मारतं, ४५ ला साडेसहा. हादरा फेरीला बांधलेला असतो, त्यामुळे स्पीड कमी झाला की थरथरीचा ठेकाही मंदावतो. आणि पुढचं सस्पेन्शन-स्टेअरिंग स्वतः सेकंदाला १०-२० हेलकाव्यांच्या पट्ट्यात सहज हलतं, म्हणून तिथे झोका मिळाल्यासारखं वाढतं. डिस्क ४० ला पण तेवढीच खराब असते, फक्त झोका मिळत नाही.

चढउतार

मध्येच घुसतो, माझं जरा उलटं आहे. मोठ्या स्पीडला काही नाही पण गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या १०-१५ च्या स्पीडला पॅडल पायाखाली करकर करतं आणि गाडी जराशी पुढे सरकल्यासारखी वाटते. हे पण डिस्कचंच का?

स्पॅनरकाका

@चढउतार नाही, तुझं एबीएस उगाच जागं होतंय. खडी-वाळूवर जोरात ब्रेक मारल्यावर जी करकर येते ना, तीच ही. एखाद्या चाकाच्या सेन्सरला मंद फेऱ्या नीट दिसत नाहीत, त्याला वाटतं चाक जॅम झालं आणि तो ब्रेक सोडतो. सेन्सरच्या तोंडाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, नाहीतर दातेरी रिंग गंजून फुगलेली किंवा तडकलेली, नाहीतर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा. स्कॅनर लावून चारही चाकांचे स्पीड लाइव्ह बघायला सांग, २० वरून शून्यावर येताना जे चाक बाकीच्यांच्या आधी शून्य दाखवतं तो चोर. लवकर कर हे, ऐनवेळी थांबायचं अंतर वाढतं त्याने.

लोअर_आर्म

सगळे डिस्कच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या गाडीला डिस्क मोजून बघितल्या, जाडीतला फरक ०.०१ पण नाही, तरी ब्रेकवर स्टेअरिंग नाचायचं. शेवटी निघालं लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणारा आर्म) मागचं बुश, रबर फाटून आर्म पुढे-मागे सरकत होता. ब्रेक मारला की चाकाला मागे ओढणारा जोर सगळा त्याच बुशवर येतो. ओळख अशी की थरथरीसोबत ब्रेक लावताना एकदा "ठक" असा आवाज यायचा आणि रिव्हर्समध्ये ब्रेक लावला की परत एकदा ठक. चाक उचलून १२-६ ला धरून हलवलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, ९-३ ला धरून हलवलं तर टाय रॉड एंड, आणि बुशला पहार लावून बघायचं. ६८ हजारला बुश जायचं वयच आहे.

स्पॅनरकाका

@लोअर_आर्म बरोबर आहे तुझं, पण फाटकं बुश बहुतेक वेळा हादरा तयार करत नाही, असलेला वाढवतं. नवी बुशं टाकल्यावर डिस्कचा बारीक दोष झाकला जातो आणि सगळ्यांना वाटतं बुशच होतं. तरी तपासायला हवंच, चाक निघालेलं असताना दोन मिनिटांचं काम.

उतारावर_दुसरा

डिस्क काढून लेथवर फेस मारून घ्या, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, नव्या टाकायची गरज नाही. मी दोनदा केलंय. आणि घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरा, माझ्या डिस्कवर निळे डाग पडलेले त्यामुळे. थंड असताना काही नाही, घाटात अर्धं उतरलं की थरथर सुरू, खाली पोचून गार झाली की परत गायब.

पॉइंट_झिरो_वन

@उतारावर_दुसरा तुमचं वर्णन तापल्यावरच्या हादऱ्याचं आहे, त्याची जात वेगळी. निळे डाग म्हणजे तिथे डिस्क फार तापली आणि पॅडचा माल तिथेच बसला. अशा डागाखाली लोखंड कडक होतं, लेथवर वरचा थर निघाला तरी कडक भाग खोल असेल तर तो आजूबाजूपेक्षा कमी झिजतो आणि काही हजार किमीनंतर उंचवटा होऊन परत वर येतो. म्हणून तुम्हाला दोनदा करावं लागलं असेल. दुसरा_गिअर यांचं थंड असतानाही येतंय का, हे कळायला हवं.

दुसरा_गिअर

बाप रे, एवढी उत्तरं. सगळ्यांना धन्यवाद. या रविवारी सगळं करून बघतो आणि कळवतो. @पॉइंट_झिरो_वन हो, सकाळी पहिल्याच ब्रेकला पण येतं, गरम-थंड फरक नाही. काका, चप्पल घालून बघितलं, पॅडल पण हलकंसं उसळतंय, आधी लक्षच गेलं नव्हतं.

स्पॅनरकाका

पॅडल उसळतंय म्हणजे जाडीतच फरक. बघ आता काय निघतं. जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नकोस, स्टॅण्ड लाव. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढलास तर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडू नको, तारेने वर बांध. आणि पिस्टन मागे दाबलास तर गाडी हलवायच्या आधी पॅडल पाच-सहा वेळा मारून कडक कर, नाहीतर पहिला ब्रेक थेट फ्लोअरला जाईल आणि समोर भिंत असेल.

दुसरा_गिअर

रविवार संपला, नखं अजून काळीच आहेत. जसं झालं तसं लिहितो, जरा लांबेल.

मागची दोन्ही चाकं काकांनी सांगितलं तसं उचलून फिरवली, सगळीकडे सारखं घासतंय, म्हणजे ड्रम सुटले. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड सगळं हलवून बघितलं, कुठेच प्ले नाही, ठक आवाजही नाही.

मग पुढचं उजवं चाक. रनआउट ०.०४, जाडी आठही ठिकाणी ०.०१ च्या आत. (डायल गेज आणि मायक्रोमीटर एका मित्राच्या वर्कशॉपमधून आणला, तो पण हौसेने सोबत आला आणि अर्धं काम त्यानेच केलं.)

डावं चाक काढायला गेलो तर नटच निघेना, पाइप लावून उभं राहावं लागलं, आणि त्यातला एक मात्र हाताने सुटला इतका सैल! रनआउट ०.१२. मित्र म्हणाला चुकून गेज हलला असेल, परत घेतलं, परत ०.१२. जाडी अशी आली:

१) २१.८४
२) २१.८६
३) २१.८७
४) २१.८६
५) २१.८५
६) २१.८६
७) २१.८७
८) २१.८६

मग कॅलिपर तारेने बांधून डिस्क ओढली तर ती पण गंजाने धरलेली, मागून लाकडी ठोकळा ठेवून ठोकल्यावर निघाली. आणि हब बघून मी दोन मिनिटं नुसताच बघत बसलो. चेहऱ्यावर जुन्या गंजाचा तपकिरी थर, त्यात एका बोल्टच्या बाजूला नखाएवढा पापुद्रा उभा राहिलेला, नखाने उचकटला तर सालपटासारखा निघून हातात आला. डिस्कच्या आतल्या बाजूला बरोबर त्याच जागी चकचकीत दाबलेला ठसा. म्हणजे नवी डिस्क टाकताना कोणी साधा ब्रशसुद्धा फिरवलेला नाही. समोर उभा होतो मी तेव्हा, खोक्यातल्या डिस्क बघत होतो, हबकडे बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

अजून एक सापडलं. डाव्या बाजूचा आतला पॅड ५ मिमी आणि बाहेरचा ८. कॅलिपरच्या दोन स्लाइड पिनांपैकी खालची हलतच नाहीये, रबरी बूट फाटलाय आणि आत चिखल-गंज. आता पुढे काय करू? डिस्क फेकू की ठेवू?

पॉइंट_झिरो_वन

रीडिंग बघा, १ ला आणि ५ ला दोन खड्डे आहेत, बरोबर समोरासमोर. डुलणारी डिस्क अशीच झिजते. डिस्क तिरकी असली की तिचा बाहेरचा चेहरा एका जागी बाहेर येतो आणि आतला चेहरा बरोबर अर्ध्या फेरीवर आत जातो, त्यामुळे एकीकडे बाहेरचा पॅड चाटतो आणि समोर आतला. पापुद्र्याचा ठसा १ किंवा ५ च्या रेषेतच असेल, बघा बरं.

डिस्क फेकू नका. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर (मधला उंच भाग) किमान जाडी कोरलेली असते ती वाचा. नवी २२ ची असेल तर किमान बहुधा २० असेल, म्हणजे तुमच्याकडे भरपूर माल शिल्लक आहे. ०.०३ चा फरक लेथवर सहज निघेल. पण लेथवाल्याला सांगा की डिस्क पकडताना आतली बसायची जागा आधी घासून साफ कर, नाहीतर तो तिरकी पकडून तिरकीच कापेल, आणि दोन्ही चेहरे एकाच सेटिंगमध्ये मार. उजवी पण सोबत द्या, दोन्हीकडचा पृष्ठभाग सारखा झाला की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत नाही.

परत बसवायच्या आधी हबचा चेहरा वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने, बोल्टांच्या मुळाशी पण. ग्रीस थापू नका तिथे. नुसत्या हबवर गेज लावा. मग डिस्क बसवून रनआउट, आणि ते ०.०५ च्या वर आलं तर डिस्क एक भोक पुढे फिरवून परत बसवा, हबची थोडी चूक आणि डिस्कची थोडी चूक कुठल्यातरी जागी एकमेकींना खातात. काही गाड्यांत डिस्कला बारीक स्क्रू असतो, तिथे हे करता येत नाही.

स्पॅनरकाका

तो सैल नट आणि ते पाइप लावून निघालेले नट, हे पण गुन्ह्यात सामील आहेत. एअर गनने एक नट २०० ला आणि दुसरा ६० ला आवळला की डिस्कची टोपी आणि हब ताणून ठेवतात. टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट, दोन टप्प्यांत आवळायचे. बहुतेक छोट्या गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या मध्ये असतं, तुझ्या मॅन्युअलमधला आकडा घे. पंक्चरवाल्याकडे चाक निघालं तरी घरी येऊन परत सैल करून रेंचने आवळ, मी तरी तेच करतो आणि लोक हसतात.

स्लाइड पिन काढून साफ कर, खड्डे पडले असतील तर नवी टाक, बूट नवा, आणि आत सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. साधं बेअरिंगचं ग्रीस घातलंस तर रबर फुगून पिन परत जॅम. वरची आणि खालची पिन वेगवेगळी असू शकते, एकीला रबराची बारीक बांगडी असते, अदलाबदल करू नकोस. पिस्टन हाताने क्लॅम्प लावून मागे जातोय ना ते पण बघ. जात नसेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरची हवा काढायची तोटी) किंचित उघड, निपल उघडल्यावर लगेच गेला तर रबरी पाइप आतून चिकटलाय, तरीही नाही गेला तर पिस्टनच गंजलाय. टाकीतलं ऑइल वर येतं त्याकडे लक्ष ठेव, रंगावर सांडलं तर रंग उचलतं.

पॅड ५ आणि ८ असे विषम झालेत, नवे टाक चारही. डिस्कवर तेलकट हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसून घे.

बोनेट_उघडा

मान्य, बॅलन्सिंग नव्हतं 😅 नवे पॅड बसवल्यावर काही करायचं असतं का, की लगेच नेहमीसारखी चालवायची?

स्पॅनरकाका

बसवायचे असतात ते. रिकामा रस्ता बघून ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मधे थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा पसरतो. या वेळात सिग्नलला तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभं राहू नको, पॅडचा शिक्का उमटतो तिथे, हॅण्डब्रेक नाहीतर न्यूट्रलवर काम भागव.

दुसरा_गिअर

झालं सगळं. डिस्कवर किमान २० कोरलेलं आहे, फेस मारून डावी २१.६० आणि उजवी २१.६४ झाली. ताई, ठसा १ च्या रेषेतच निघाला, मित्राने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. नुसता हब ०.०२. हब साफ करून डिस्क बसवल्यावर डावीकडे ०.०७ आलं, तोंड पडलं होतं, मग एक भोक फिरवून ०.०५, अजून एक फिरवून ०.०३. स्क्रू नव्हता माझ्या डिस्कला म्हणून जमलं. पिस्टन हाताने गेला. खालच्या पिनेला खड्डे होते, नवी टाकली. नट १०५ ला.

काल महामार्गावर १०० वरून तीनदा ब्रेक मारले, एकदा तर एक हात सोडून. स्टेअरिंग हललं नाही. खडूने डिस्कच्या टोपीवर आणि हबच्या बोल्टवर खूण करून ठेवलीये, पुढच्या वेळी कोणी काढली तर त्याच भोकावर बसावी म्हणून, पण खडू पहिल्या पावसात जाणार, काय वापरता तुम्ही लोक?

पॉइंट_झिरो_वन

सेंटर पंच. डिस्कच्या टोपीवर आणि बोल्टच्या टोकावर एकेक ठिपका, हलक्या हाताने, आणि डिस्क गाडीवरून काढलेली असताना. बसवलेल्या डिस्कवर हातोडा मारलात तर बेअरिंगला जाईल तो मार. ३ हजार किमीला गेज परत लावा, ०.०३ च्या आसपास असेल तर मग दोन वर्षं विसरा.

स्पॅनरकाका

आणि गेज मित्राला परत कर.